‘ॲरेलिस्ट’ची उलटतपासणी

मागच्या खेपेला आपण ॲरेपाशी थांबलो होतो. एकदा आकार ठरला की ठरला, मग एक माणूस जास्त आला तरी त्याला जागा नाही, ही तिची अडचण आपण पाहिली. तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की मग ॲरेलिस्ट आहेच की, तिचं सांगा. आज तिचंच सांगणार आहोत, पण जरा वेगळ्या अंगाने. नाटकाची समीक्षा होते, कादंबरीची होते, मग ज्या क्लासवर जगभरातले प्रोग्रॅम रोज उभे राहतात त्याची का होऊ नये? तोही कोणीतरी बसून रचलेला आहे. त्यातही काही जागा सुंदर जमल्या आहेत आणि काही फसल्या आहेत. आमचं म्हणणं असं आहे की शिकवताना आपण जमलेल्या जागांचं पाठांतर करतो आणि फसलेल्या जागा मुलांना नोकरीत गेल्यावर स्वतःच्या खर्चाने कळतात. कधीकधी दुसऱ्याच्या खर्चाने.

दुसऱ्याच्या खर्चाने हे उगाच म्हणत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत यादी ही फार वजनाची गोष्ट आहे. मे महिन्यात तेंदूपत्ता सुरू झाला की फळीवर पुडके मोजले जातात. सत्तर पानांचं एक पुडकं, हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी, मजुरी शेकड्यावर. कोणी किती पुडके आणले ते यादीत चढतं आणि त्या यादीवरून पैसे निघतात. वनहक्क कायदा २००६चा, महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४चे. त्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा हा व्यवहार स्वतः करू लागल्या. म्हणजे यादी आता ठेकेदाराच्या दिवाणजीची राहिली नाही, गावाची झाली. उद्या ती यादी वहीतून मोबाइलवर येणार, आणि ते ॲप लिहिणारा किंवा लिहिणारी कदाचित आत्ता आपल्यासमोरच बसलेली असेल. म्हणून आजची सगळी उदाहरणं याच यादीची घेऊ. घटना सगळ्या ‘समजा’च्या आहेत, यंत्रणेचं वागणं मात्र खरं आहे.

आधी जमलेली जागा.

ॲरेलिस्टच्या पोटात साधी ॲरेच असते, हे पहिल्यांदा ऐकून पुष्कळांना फसवल्यासारखं वाटतं. मग ती वाढते कशी? झाडीपट्टीचं नाटक डोळ्यांसमोर आणा. दिवाळीनंतर धान निघालं की मोकळ्या बांधीत मंडप पडतो. समजा दहा रांगांचा मंडप आहे आणि दहाही भरल्या. आता अकरावी रांग लावायची, तर शेजारच्या बांधीत दुसऱ्याचं धान उभं आहे. मंडप ताणता येत नाही. मग एकच मार्ग उरतो, दुसरीकडे मोठा मंडप टाकायचा आणि सगळ्यांना उठवून तिकडे त्याच क्रमाने बसवायचं. ॲरेलिस्ट नेमकं हेच करते. मेमरीत शेजारची जागा आपली असेल याची खात्री नसते, म्हणून ती नवी मोठी ॲरे घेते, जुनीतलं सगळं तिकडे नेते आणि जुनी सोडून देते.

नवा मंडप किती मोठा घ्यायचा, इथे खरी अक्कल आहे. जावाची ॲरेलिस्ट पहिल्या भरतीला दहा जागा घेते आणि त्या भरल्या की दरवेळी दीडपट करते. गंमत बघा. चंद्रपूर जिल्ह्याचे तालुके एकेक करून त्यात घाला. दहा झाले, अकराव्याला जागा नाही, मग पंधरा जागांची ॲरे येते आणि चंद्रपूरचे पंधरा तालुके तिच्यात अगदी चपखल बसतात. गडचिरोलीचे बारा घातले तर तीन जागा रिकाम्या राहतात. या रिकाम्या जागा म्हणजे क्षमता आणि आकार यांतला फरक. साइज विचारलं तर बारा सांगेल, पोटात जागा पंधरांची असेल. हा फरक ज्याला कळला त्याला अर्धी ॲरेलिस्ट कळली.

आता एका प्रमाण गोणीएवढ्या, म्हणजे हजार नोंदी घालू. दीडपटीच्या हिशोबाने क्षमता अशी चालते: दहा, पंधरा, बावीस, तेहेतीस, एकोणपन्नास... शेवटी आठशे तेवीस आणि मग बाराशे चौतीस. बारा वेळा मंडप हलला. प्रत्येक वेळी किती जणांना उठवलं ते जोडत गेलात तर एकूण २,४५६ हलवाहलवी होतात. म्हणजे एका नोंदीमागे अडीचही नाही. याऐवजी कोणी काटकसरी माणसाने ठरवलं असतं की दरवेळी फक्त दहाच जागा वाढवायच्या, वाया काही जायला नको, तर नव्याण्णव वेळा मंडप हलला असता आणि हलवाहलवी झाल्या असत्या ४९,५००. ही काटकसर वीसपट महाग पडली. अधूनमधून एक नोंद फार महाग पडते, पण तो खर्च बाकीच्यांत वाटला तर प्रत्येकीच्या वाट्याला थोडासाच येतो. रॉबर्ट टार्जन यांनी १९८५ मध्ये या हिशोबाला नीट शास्त्रीय रूप दिलं. आपले लोक भिशीत तेच करत आले आहेत, असं कोणी म्हणालं तर आम्ही फार विरोध करणार नाही.

दीडच पट का? तो आवडीनिवडीचा भाग आहे. जावाचीच जुनी व्हेक्टर दुप्पट करते. सी-शार्पची लिस्ट चारपासून सुरू करते आणि दुप्पट करत जाते. पायथनची यादी कंजूष आहे, ती मोठी झाली की साधारण एक अष्टमांशच वाढते. पण सगळ्यांनी पटीत वाढवलं आहे, ठरावीक आकड्याने कोणीच नाही. मंडप लहान मात्र आपोआप होत नाही. नाटक संपलं, माणसं घरी गेली, क्लिअर म्हटलं, तरी खुर्च्या तशाच मांडलेल्या. मोठी यादी एकदा भरून रिकामी केली आणि ती बराच काळ धरून ठेवली तर मेमरी का अडली म्हणून डोकं खाजवू नका, ट्रिम-टू-साइज म्हणा.

हा भाग आम्हाला मनापासून आवडतो. जोशुआ ब्लॉक यांच्या पुढाकाराने जावाची कलेक्शन्सची चौकट रचली गेली आणि १९९८च्या अखेरीस जावा १.२ बरोबर ती लोकांच्या हाती आली. पंचवीसहून जास्त वर्षं झाली, या यंत्रात दखल घेण्यासारखं काही बिघडलेलं नाही. परीक्षेलाही नेमकं हेच येतं. ॲरे आणि ॲरेलिस्ट यांतील फरक लिहा, पाच गुण. व्हेक्टर आणि ॲरेलिस्ट यांतील फरक लिहा, पाच गुण. मुलं लिहितात, पास होतात.

तक्रार सुरू होते ती यादीतून काही काढायला गेल्यावर.

पहिली तक्रार नावाची आहे. रिमूव्ह या एकाच नावाच्या दोन मेथड आहेत. एक म्हणते, अमुक क्रमांकाच्या जागेवरचं काढा. दुसरी म्हणते, अमुक वस्तू सापडेल तिथून काढा. यादीत माणसांची नावं असतील तर गोंधळ होत नाही. पण आकडे असतील तर? आणि जंगलात तर आकडेच असतात! वनाचे कक्ष क्रमांकाने ओळखले जातात. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला हे सगळ्यांना माहीत आहे. अशा दाव्यांत कोणकोणते कक्ष गावाचे, ही यादी म्हणजेच दाव्याचा गाभा. समजा एका गावाच्या यादीत कक्ष आहेत ९, १४, ३१, २ आणि ५. कक्ष क्रमांक २ चुकून आला आहे, तो काढायचा. प्रोग्रॅमरने लिहिलं रिमूव्ह आणि कंसात दोन. जावा काय करेल? शून्यापासून मोजत दुसऱ्या जागेवर जाईल आणि कक्ष ३१ काढून टाकेल. कक्ष २ जिथल्या तिथे. ना चूक दाखवली, ना इशारा दिला. यादीत पाचऐवजी चार कक्ष उरले, मोजणी करणारा म्हणेल बरोबर, एकच काढायचा होता.

योगायोग तर याहून वाईट. यादी जर ९, १४, २, ३१, ५ अशी असती तर हाच चुकीचा कोड बरोबर उत्तर देऊन गेला असता, कारण दोन हा आकडा दुसऱ्याच जागेवर होता. आणि क्रमांक ३१ काढायला सांगितलं असतं तर एवढी मोठी जागाच नाही म्हणून प्रोग्रॅम ओरडून थांबला असता. म्हणजे ही चूक लहान आकड्यांवर गप्प बसते आणि मोठ्या आकड्यांवर बोलते. चाचणी मोठ्या आकड्यांवर घेतली तर निदान कळेल तरी.

याचं मूळ २००४ मध्ये आहे. मूळ रचनेत यादीत साधा आकडा थेट ठेवताच येत नव्हता, त्याला इंटिजरच्या वेष्टनात गुंडाळावं लागे. त्यामुळे दोन रिमूव्ह शेजारी नांदत होत्या. जावा ५ आला आणि गुंडाळण्याचं काम भाषा आपोआप करू लागली. सोय झाली, पण आकडा आणि वेष्टन यांतली भिंत नजरेआड गेली आणि दोन्ही रिमूव्ह एकमेकींसारख्या दिसू लागल्या. तेव्हा मूळ रचनाकारांना सगळा दोष द्यायचा नाही. सी-शार्पने मात्र सुरुवातीपासून दोन वेगळी नावं ठेवली, रिमूव्ह आणि रिमूव्ह-ॲट. एक प्रत्यय वाचवण्याची किंमत जावा आजवर देते आहे. यावर उपाय म्हणजे आकडा स्वतः गुंडाळून द्यायचा, इंटिजर-डॉट-व्हॅल्यूऑफ असं. उपाय सोपा आहे. तो गरजेचा आहे हे आठवणं अवघड आहे.

(प्रेक्षकांतून : सर, आमच्या पुस्तकात रिमूव्हचे दोन प्रकार दिलेत, पण हे नाही दिलं.)

नाहीच देणार. पुस्तकात मेथडचा तक्ता असतो. तक्त्यात दोन ओळी, दोन्ही बरोबर. आमची तक्रार नेमकी या तक्त्याबद्दलच आहे.

आता दुसरी तक्रार, आणि आमच्या मते आजची सगळ्यात गंभीर. जरा लक्ष द्या.

मजुरी द्यायची राहिलेल्यांची यादी आहे. सहा जण : क, ख, ग, घ, च, छ. यातले ख आणि ग यांना कालच पैसे मिळाले, त्यांना यादीतून काढायचं. नवशिका काय लिहितो? शून्यापासून साइजपर्यंत लूप, पैसे मिळाले असतील तर त्या जागेवरचं रिमूव्ह. लूप शून्यावर : क, राहू दे. एकवर : ख, काढला. ख गेल्याबरोबर मागची रांग एकेक पाऊल पुढे सरकली, ग आता एकवर आला. पण लूप पुढे गेला, दोनवर. तिथे घ उभा. ग कडे कोणी पाहिलंच नाही! ग यादीत राहिला. उद्या त्याला दुसऱ्यांदा पैसे जातील, आणि परवा ग्रामसभेच्या हिशोबात तेवढी तूट निघेल. ती कोणाच्या माथी बसेल हे गावात राहिलेल्यांना सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, दोन काढायची माणसं लागोपाठ यायला हवीत ना, असं कितीदा होणार? कॉलेजच्या प्रयोगशाळेत फारसं होत नाही. तिथे यादी मनाने भरलेली असते, हवे ते आकडे इकडेतिकडे टाकलेले. पण गावची यादी घरवार असते. नवरा-बायको लागोपाठ, सासू त्यांच्याखाली, दीर त्याखाली. तेंदूला घरचे सगळे बरोबर जातात, मजुरीही बहुतेक बरोबरच निघते. म्हणजे जी गोष्ट प्रयोगशाळेत क्वचित घडते ती गावच्या यादीत नियमाने घडणार. या चुकीला लागणारी नेमकी परिस्थिती आपल्या याद्यांची रोजची रचना आहे. म्हणून मनाने भरलेल्या यादीवर प्रोग्रॅम तपासून ‘चालतो’ असं प्रमाणपत्र देणं आम्हाला मान्य नाही. एखादी खरी रचना असलेली यादी घ्या. नावं बदला, पण घरवार क्रम ठेवा.

जावाच्या कर्त्यांना हा धोका माहीत होता. म्हणून त्यांनी फॉर-ईच पद्धतीच्या लूपमध्ये पहारा बसवला आहे. यादीवरून फिरताना कोणी मध्येच यादी बदलली तर कन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन नावाची आरोळी येते आणि काम थांबतं. नाव लांबलचक आहे, हेतू चांगला आहे. पण हा पहारेकरी कुठे डुलक्या घेतो ते बघा.

पुन्हा तीच सहा जणांची यादी, फॉर-ईच लूप. समजा च आणि छ, म्हणजे शेवटचे दोघे, काढायचे आहेत. क, ख, ग, घ पाहून झाले. पाचवा च आला, त्याला काढलं. आता यादीत पाचच उरले. लूपने स्वतःशी मोजलं, माझे पाच पाहून झाले, यादीतही पाचच आहेत, म्हणजे संपलं. आणि तो शांतपणे बाहेर पडला. छ कडे पाहिलंच नाही. आरोळी नाही, काही नाही. पहाऱ्याची तपासणी पुढचा माणूस मागताना होते, आणि इथे पुढचा माणूस मागितलाच गेला नाही.

आता याच्या उलट बघा. फक्त छ, अगदी शेवटचा, काढायचा होता. सगळे पाहून झाले, छ काढला, खरं तर काम संपलं, कुणाचं काही बिघडलं नाही. पण लूपने सहा पाहिलेत आणि यादीत पाच आहेत. आकडे जुळत नाहीत, म्हणून त्याला वाटतं अजून काही उरलंय, तो पुढचा मागायला जातो आणि पहारेकरी धाडकन आरोळी ठोकतो. जिथे नुकसान झालं तिथे मौन आणि जिथे काहीच झालं नाही तिथे गोंधळ! दस्तऐवजात त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे की या पहाऱ्याची हमी धरू नका, तो फक्त चुका पकडायला मदत म्हणून आहे. प्रामाणिकपणा मान्य. पण वर्गात आम्ही कित्येकदा ऐकलं आहे की ‘फॉर-ईच वापरा, चूक असेल तर एक्सेप्शन येतंच.’ येतंच, हा ‘च’ खोटा आहे.

मग करायचं काय? आज सरळ उत्तर आहे, रिमूव्ह-इफ. जावा ८ मध्ये, २०१४ साली आलं. अट सांगायची, बाकी ते पाहतं. शिवाय ते एका फेरीत सगळं आवरतं. एकेक काढत गेलात तर प्रत्येक वेळी मागची सगळी रांग सरकते, हजारांच्या यादीत ते जाणवतं. जुन्या कोडमध्ये आयटरेटरचं स्वतःचं रिमूव्ह वापरा किंवा शेवटून सुरुवातीकडे या, मागून आलात तर सरकणारी माणसं आधीच पाहिलेली असतात. आमच्या मते रिमूव्ह-इफ पहिल्याच दिवशी शिकवावं आणि लूपमधलं रिमूव्ह नंतर, ‘हे असं करू नका’ म्हणून. आपल्याकडे क्रम उलटा आहे. लँब्डा पुढच्या सत्रात, म्हणून रिमूव्ह-इफही पुढच्या सत्रात, आणि तोवर चुकीची सवय पक्की.

तिसरी तक्रार कराराची. ऑब्जेक्ट ओरिएंटेड शिकताना आपण म्हणतो, इंटरफेस म्हणजे करार. लिस्ट या करारात ॲड आहे, रिमूव्ह आहे, सेट आहे. पण अरेज-डॉट-ॲजलिस्ट म्हणून जी यादी मिळते ती आकार बदलू देत नाही. ॲड म्हटलं की अनसपोर्टेड ऑपरेशन. लिस्ट-डॉट-ऑफ, हे २०१७ मध्ये जावा ९ बरोबर आलं, त्यातून मिळणारी यादी तर काहीच बदलू देत नाही. तिन्हींचा प्रकार मात्र एकच, लिस्ट. हातात आलेली यादी वाढते की नाही हे तिच्या नावावरून कळतच नाही, हात लावून पाहावं लागतं. मंगळवारी ताडोबा बंद असतं. पण ते आधीच सांगितलेलं असतं, मोहर्लीच्या गेटपर्यंत जाऊन कळत नाही. इथे गेटपर्यंत जावं लागतं, आणि तेही प्रोग्रॅम लोकांच्या हातात गेल्यावर.

बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेलं तत्त्व तुम्ही सगळ्यांनी पाठ केलं आहे, मूळ प्रकाराच्या जागी उपप्रकार ठेवला तर प्रोग्रॅमचं वागणं बिघडता कामा नये. मग वाढणारी लिस्ट अपेक्षित असलेल्या जागी न वाढणारी ठेवली तर? परीक्षेत हे तत्त्व चौरस आणि आयत घेऊन विचारतात. रोज वापरातल्या लिस्टवर विचारा की!

रचनाकारांची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांनी खुलासा केला आहे की वाढणारी, न वाढणारी, फक्त वाचायची अशा प्रत्येक प्रकाराला वेगळा इंटरफेस केला असता तर इंटरफेसांचं रान माजलं असतं, म्हणून त्यांनी काही कामं ‘ऐच्छिक’ ठेवली. १९९८च्या मानाने तो युक्तिवाद पोकळ नव्हता. पण २०१२ मध्ये डॉटनेटने फक्त वाचायच्या यादीचा स्वतंत्र इंटरफेस आणला. २०१६ मध्ये कोट्लिनची पहिली पक्की आवृत्ती आली, तिच्यात लिस्ट आणि म्युटेबल-लिस्ट ही दोन वेगळी नावं आहेत. रान काही माजलं नाही. सगळ्या छटा वेगळ्या करायची गरज नव्हती, एक मोठी फट बुजवली असती तरी पुरलं असतं. अँड्रॉइडवर काम करणाऱ्यांना ते सुख मिळतं. जावाचे आपण मात्र दस्तऐवज वाचत बसतो.

याच धाग्यातली चौथी गोष्ट, पण ही तक्रार ॲरेलिस्टची नाही, आपल्या वापराची. ग्रामसभा नावाचा क्लास केला. हो, क्लासचं नाव देवनागरीत लिहिता येतं, जावाला ते पहिल्यापासून चालतं, फक्त क्लास हा शब्द इंग्रजीत लिहावा लागतो. त्यात सभासदांची यादी प्रायव्हेट ठेवली. छान. आणि खाली गेट-सभासद नावाची मेथड लिहून तीच यादी जशीच्या तशी बाहेर दिली. आता बाहेरचा कोणीही त्या यादीत ॲड म्हणू शकतो, क्लिअर म्हणू शकतो. ग्रामसभेला पत्ताच नाही. दाराला कुलूप आणि किल्ली उंबऱ्यावर. ‘मावा नाटे मावा राज’ म्हणणाऱ्या गावाच्या यादीत कोण येईल आणि कोण जाईल हे सभेत ठरतं. कोडमध्येही ते एकाच दारातून व्हायला हवं. सभासद जोडण्याची मेथड ग्रामसभेची, तपासणी तिच्यात, बाहेर द्यायची ती लिस्ट-डॉट-कॉपीऑफ करून दिलेली प्रत. प्रत झाली तरी आतली माणसं तीच असतात हे विसरू नका. सभासदाच्या ऑब्जेक्टमधला खाते क्रमांक कोणी बदलला तर तो दोन्हीकडे बदलतो. यादीची प्रत म्हणजे माणसांची प्रत नव्हे.

प्रतीवरून आठवलं, सबलिस्ट. १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. आजचे सत्तावीस तालुके एका यादीत लिहा, आधी चंद्रपूरचे पंधरा, मग गडचिरोलीचे बारा, आणि सबलिस्ट पंधरा ते सत्तावीस म्हणून गडचिरोली काढा. तुम्हाला वाटेल जिल्हा वेगळा झाला. झालेला नाही. सबलिस्ट म्हणजे मूळ यादीला पाडलेली खिडकी. खिडकीतून क्लिअर म्हटलंत तर मूळ यादीतले बारा तालुके गेले. आणि मूळ यादीत चंद्रपूरचा एक तालुका वाढवलात तर खिडकीच मोडली, पुढच्या वेळी हात लावताच तोच लांबलचक नावाचा एक्सेप्शन. खरा वेगळा जिल्हा हवा असेल तर त्या खिडकीवरून नवी ॲरेलिस्ट बांधा. सबलिस्ट वाईट नाही. यादीचा मधला तुकडा झटकन काढून टाकायला तिच्यासारखं दुसरं साधन नाही. फक्त नावात ‘यादी’ असली तरी ती यादी नव्हे.

आता प्रश्न घेऊ, वेळ कमी आहे.

(प्रश्न : मधून सारखं काढायचं असेल तर लिंक्ड लिस्ट बरी ना?)

पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. पण मधून काढायचं म्हणजे आधी मधे पोचायचं, आणि लिंक्ड लिस्टमध्ये पोचण्यासाठी एकेकाचा हात धरत जावं लागतं. ॲरेलिस्ट रांग सरकवते ती एका दमात, शेजारी-शेजारी असलेली मेमरी आजच्या प्रोसेसरला फार मानवते. ब्लॉक यांनी स्वतःच २०१५ मध्ये जाहीर गंमत केली होती की लिंक्ड लिस्ट त्यांनी लिहिली, पण ते ती वापरत नाहीत. दोन्ही टोकांना घालायचं-काढायचं असेल तर ॲरे-डेक पाहा.

(प्रश्न : एकच माणूस यादीत दोनदा येऊ नये यासाठी कंटेन्स पुरतं का?)

कंटेन्स प्रत्येकाला विचारत जातं, ‘तूच का तो?’ आणि हा प्रश्न ते इक्वल्समार्फत विचारतं. सभासद क्लासमध्ये तुम्ही इक्वल्स लिहिलंच नसेल तर एकाच माणसाचे दोन ऑब्जेक्ट त्याला दोन माणसं वाटतात. नावावरून लिहिलंत तरी भागत नाही. गोंडपिपरी की गोंडपिंपरी, एका अनुस्वाराने तालुका वेगळा होतो, तिथे माणसाच्या नावाचं काय. ग्रामसभेच्या नोंदवहीत प्रत्येकाला जो क्रमांक आहे त्यावर इक्वल्स आणि हॅशकोड दोन्ही लिहा. आणि क्रम राखून दुबार टाळायचं असेल तर यादी नकोच, लिंक्ड-हॅश-सेट घ्या.

(प्रश्न : दोन फळ्यांवरून दोघांनी एकाच वेळी नोंद केली तर?)

एकाच ॲरेलिस्टमध्ये दोन धागे एकदम ॲड करत असतील तर एक नोंद दुसरीवर बसून हरवू शकते, आणि हीसुद्धा गप्प चूक आहे. व्हेक्टरमध्ये कुलूप असतं म्हणून तिकडे पळू नका. ‘आहे का पाहा, नसेल तर घाला’ या दोन पायऱ्यांच्या मधे तिचंही कुलूप उघडंच असतं. प्रत्येक फळीची यादी वेगळी ठेवा आणि संध्याकाळी एकाच धाग्यात एकत्र करा. फळीवर आजही असंच चालतं. पुढच्या खेपेला हॅशमॅप घेऊ. तेव्हा प्रत्येकाने आपल्या गावची, वॉर्डाची किंवा वर्गाची एक खरी रचना असलेली यादी आणायची, नावं बदलून, क्रम न बदलता.